परसदारी निवांत बसायचं तर: आधी खुर्ची, मग झाडं

आपल्याकडे बसायची जागा पुढे असते. ओटा, पडवी, अंगण, सगळं दारासमोर. मागे न्हाणी, गोठा, विहीर, धुण्याचा दगड. ‘परसाकडे जाणे’ याचा अर्थ सांगायला नकोच. त्यामुळे घरामागे कुणी निवांत बसावं ही कल्पना आपल्या घरांना तशी नवीन आहे, आणि बंगला किंवा रो-हाउस घेतलेल्यांची गल्लत इथेच होते. मागची जागा असते कामाची. तिथे कुंड्या मांडल्या म्हणून ती विसाव्याची होत नाही.

आमचं परस २० फूट रुंद, ३० फूट लांब. पुण्याच्या पश्चिमेकडच्या वस्तीत, घराच्या मावळतीच्या अंगाला. ताबा मिळाला तेव्हा तिथे फुटक्या टाइल्स, सिमेंटच्या गोण्या आणि गुडघाभर गाजरगवत होतं. आम्ही हौसेने नर्सरीत जाऊन एका फेरीत बावीस रोपं आणली. पुढच्या मे महिन्यापर्यंत त्यातली निम्मी गेली. उरलेली जगली खरी, पण मागे जाऊन बसायला कुणी तयार नव्हतं. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. त्या दुसऱ्या खेपेचा क्रम खाली देते आहे.

पंधरा दिवस नुसतं बसा

काहीही विकत घेण्याआधी घरातली एक हलकी खुर्ची मागे न्या. सकाळी सातला, दुपारी चारला आणि रात्री नऊला, जागा बदलून बदलून दहा-दहा मिनिटं बसा. ऊन कुठून येतं, वारा कुठे अडतो, डोळ्यांसमोर काय येतं, कानावर काय पडतं, हे वहीत टिपा. आम्ही कट्ट्यासाठी जी जागा मनात पक्की केली होती, तिथे सासूबाई चहाचा कप घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, “अगं, इथून नुसता पंप दिसतोय. आणि शेजारच्यांची बाथरूमची खिडकी.” तीन महिन्यांच्या आखणीत ते आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

आता चौकटीच्या कागदावर एका चौकटीला एक फूट धरून नकाशा काढा. त्यात ड्रेनेजचे चेंबर, पाण्याची टाकी, पंप, नळ, एसीचं बाहेरचं यंत्र, गॅसचे सिलिंडर, शेजारच्यांच्या खिडक्या हे सगळं दाखवा. चेंबरवर कायमचं काही बांधू नका, ते वर्षा-दोन वर्षांनी उघडावं लागतंच.

मग कामाची बाजू ठरवा. धुण्याची दोरी, भांडी घासायची मोरी, केरसुण्या, कचऱ्याचा डबा यांना मागच्या दारालगत ५-६ फुटांचा पट्टा द्या आणि त्याच्या पुढे कमरेच्या वर जाईल अशी आड करा. तगरीची किंवा कामिनीची ओळ चालते, कामट्यांचा तट्ट्याही चालतो. परसातलं काम काही संपत नाही, पण बसल्या जागेवरून ते दिसलं नाही तरी पुष्कळ झालं.

ऊन कुठून येतं

उन्हासाठी माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यावा, कारण झाड एकदा लावलं की त्याला हलवता येत नाही.

पुण्याच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत तो दुपारीही किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे मे महिन्यात दक्षिणेला लावलेलं झाड आपल्याला सावली देत नाही. संध्याकाळचं जे ऊन सोसवत नाही, ते पश्चिमेकडून आणि थोडं उत्तरेकडून येतं. डिसेंबरात उलट. तेव्हा चार-साडेचारचा सूर्य नैर्ऋत्येला कलतो आणि त्याचं ऊन हवंहवंसं वाटतं.

यातून सोपा हिशोब निघतो. बसायच्या जागेच्या पश्चिम-वायव्येला दाट, बारमाही पानांचं झाड लावा. नैर्ऋत्येला उंच काही लावू नका. मग मे महिन्यात सावली मिळते आणि थंडीत पाठीवर ऊन. अंतरही काढता येतं. मे महिन्यात दुपारी चारला १२ फुटी झाडाची सावली साधारण १४ फूट पडते, पाचला २३ फुटांच्या आसपास. सावली घराच्या दिशेने, म्हणजे पूर्वेला सरकते. झाडापासून ८ ते १२ फुटांवर बसायची जागा ठेवली तर चहाच्या वेळी ती सावलीत येते.

झाड कोणतं? आम्ही बकुळ लावली. बकुळ सावकाश वाढते हे खरं, पण पान सोडत नाही, फांद्या मोडत नाहीत, मुळं फरशी उचकटत नाहीत. पारिजातक भरभर वाढतो, मात्र उन्हाळ्यात विरळ होतो, नेमका सावली हवी तेव्हा. पांढरा चाफा थंडीत पानं टाकतो, म्हणून नैर्ऋत्येला लावायचंच असेल तर तो चालतो. गुलमोहर लहान आवारात नको, त्याची मुळं वरवर पसरतात आणि फांद्या ठिसूळ असतात. वड, पिंपळ, उंबर भिंतीजवळ तर नाहीच नाही.

शेवग्याबद्दल मात्र जीव तोडून सांगते. लवकर वाढतो, शेंगा देतो म्हणून आम्ही तो कट्ट्याला लागून लावला. दुसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी बुंध्यावर हातभर उंचीपर्यंत केसाळ सुरवंटांची गोधडी पसरलेली. हात लागला की अंगभर खाज. शेवगा हवा तर तो कुंपणाच्या टोकाला.

आधीपासून उभं असलेलं मोठं झाड आड येत असेल तर कुऱ्हाड उचलू नका. शहरी भागात १९७५च्या वृक्ष कायद्यानुसार आपल्या आवारातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. बहुतेक वेळा खालच्या फांद्यांची रीतसर छाटणी झाली तरी काम भागतं. मोठ्या झाडाखाली बसण्यासारखं सुख आयतं मिळत असेल तर ते घालवायचं कशाला?

बकुळ मोठी होईपर्यंत पाच-सात वर्षं उन्हात बसायचं का? त्यासाठी मांडव घाला. दीड इंची लोखंडी पाइपचे चार खांब, ८ फूट उंची, वर तारांची जाळी. त्यावर मधुमालती सोडली की दोन पावसाळ्यांत छप्पर तयार. तिची फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि मग लाल होतात. वेल जड होतो, म्हणून खांब दीड-दोन फूट खोल काँक्रीटमध्ये रोवा. शेजारच्या वरच्या मजल्यावरून दिसू नये ही अडचणही मांडवानेच सुटते. कुंपणाची भिंत कितीही वाढवली तरी दुसऱ्या मजल्यावरची नजर अडत नाही.

पाणी कुठे जाईल

पहिल्या खेपेला आम्ही सरसकट कोबा करून घेतला होता. गवंडी म्हणाला, ढाळ काढलाय. काढला होताही, पण घराकडे. जूनमधल्या पहिल्या मोठ्या सरीला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाणी आलं. ब्रेकर लावून सगळा कोबा फोडावा लागला.

दुसऱ्या खेपेला आलेले गवंडीमामा वयस्क होते. पाणसळ लावून झाल्यावर त्यांनी तांब्याभर पाणी मागितलं आणि दारापाशी ओतलं. पाणी थोडं घुटमळलं, मग संथपणे मागच्या चराकडे गेलं. “ताई, पाणसळीचा बुडबुडा खोटं बोलंल, पाणी नाही बोलायचं,” म्हणाले. तेव्हापासून मी कुणालाही हेच सांगते, फरशीचे पैसे चुकते करण्याआधी तांब्या ओतून बघा.

ढाळ दर ८ फुटांना १ इंच पुरतो. तो घरापासून लांब जाणारा हवा, आणि फरशीची सगळ्यात वरची पातळी मागच्या उंबऱ्याच्या किमान ४ इंच खाली हवी. पाणी जिथे जाऊन थांबेल तिथे वीतभर रुंद चर काढून तो खडीने भरा आणि बाजूला कर्दळ लावा. न्हाणीच्या पाण्यावर कर्दळ आणि केळ वाढवायची जुनी पद्धत आजही तितकीच कामाची आहे, फक्त ब्लिचिंगचं पाणी त्यात सोडू नका.

सोलापूर, लातूर, नगरकडच्या काळ्या मातीत हे काम आणखी जपून करावं लागतं. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची फरशी वर्षभरात हलायला लागते. फरशीखालची दीड फूट काळी माती काढून मुरूम भरा. कोकणात जांभ्यात पाणी मुरतं, पण पुण्याच्या चौपट पाऊस पडतो, त्यामुळे तिथे चर मोठा हवा. शिवाय जांभ्याच्या चिऱ्यावर शेवाळ धरतं, तेव्हा चालायच्या वाटेवर नुसता गुळगुळीत झालेला चिरा ठेवू नका.

माती

बांधकाम झालेल्या आवारात वरची माती म्हणजे बहुधा राडारोडा. फूट-दीड फूट खणून बघा. विटांचे तुकडे आणि सिमेंटचे गठ्ठे निघाले तर झाडांच्या जागेपुरता तो भाग उपसून टाका, कारण सिमेंटमधल्या चुन्याने माती अल्कधर्मी होते आणि मोगरा, अनंत यांची पानं पिवळी पडतात.

निचरा तपासायला फूटभर लांब, रुंद, खोल खड्डा घ्या. पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाभरात इंचभरही पाणी उतरलं नाही तर तिथे थेट झाड लावू नका. फूटभर उंच वाफा बांधून त्यात लावा.

झाडाचा खड्डा २ बाय २ बाय २ फुटांचा. मे महिन्यात तो दोन-तीन आठवडे उन्हात उघडा तापू द्या. भरताना दोन भाग चांगली माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत हातात चुरडलं की मातीसारखं भुगा व्हायला हवं आणि त्याला वास नको. ओलं शेण घातलं तर मुळं पोळतात, वर हुमणीच्या अळ्या फुकट येतात.

पायाखाली काय

हिरवळीचा मोह टाळा असं माझं स्पष्ट मत आहे. तिला पाणी, कापणी, तण काढणं आणि भरपूर ऊन लागतं. आपण सावली करायला निघालो आहोत, सावलीत ती टक्कल पडल्यासारखी दिसते. आमच्या ओळखीत तिघांनी लॉन केलं, दोघांकडे आज तिथे फरशी आहे.

बसायच्या चौकासाठी खडबडीत शहाबादी उत्तम. तापते कमी, पाय घसरत नाही, आणि जुनी झाली की आणखी छान दिसते. ती चुनखडीची असल्यामुळे लिंबाचे किंवा ॲसिडचे डाग मात्र पडतात. कडप्पा काळा, उन्हात अनवाणी पाऊल ठेवता येत नाही. गुळगुळीत कोटा पावसात घसरगुंडी होतो.

आमचा चौक १० बाय १२ फुटांचा आहे. चार खुर्च्या, एक छोटं टेबल आणि मागून एकाला जाता येईल इतकी जागा. यापेक्षा मोठा केला की परस संपून हॉलच बाहेर आल्यासारखं वाटतं. सामानाचा हिशोब असा: १२० चौरस फुटांवर ४ इंच मुरूम म्हणजे ४० घनफूट. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा दाबल्यावर बसणारी घट धरून अर्धा ब्रास मागवा. मुरूम दोन थरांत पसरून, पाणी मारून धुम्मस करा. त्यावर दीड इंच क्रश सँड, त्यावर किमान दीड इंच जाडीच्या २ बाय २ फुटी ३० लाद्या. दोन लाद्यांत अर्ध्या इंचाची सांध ठेवून त्यात वाळूच भरा, सिमेंट नको. पाऊस खाली मुरतो आणि एखादी लादी खचली तर तेवढीच उचलून बसवता येते. चौकाच्या कडेने मात्र उभ्या विटांची ओळ सिमेंटात पक्की करा, नाहीतर लाद्या बाहेर सरकतात.

कट्टा बांधणार असाल तर उंची १६ ते १८ इंच, रुंदी दीड फूट. पाठ टेकायला भिंत मिळाली तर माणूस तासभर बसतो, नाहीतर दहा मिनिटांत उठतो. झोपाळ्याला पुढे-मागे किमान तीन-तीन फूट मोकळी जागा लागते, हे कडी ठोकण्याआधी मोजा.

वासाचं वेळापत्रक

निवांतपणात डोळ्यांपेक्षा नाकाचा वाटा मोठा असतो असं मला वाटतं. पण सगळी सुवासिक झाडं एकाच जागी कोंबली तर डोकं चढतं. कोणतं फूल कधी दरवळतं ते पाहून वाटणी करा.

मोगरा उन्हाळ्याच्या संध्याकाळचा, म्हणून तो कट्ट्याच्या अगदी हाताशी. त्याला सहा तास ऊन हवं, मांडवाखाली तो फुलत नाही. अनंत पावसाच्या तोंडावर फुलतो. पारिजातकाचा सडा श्रावणापासून पहाटे पडतो, म्हणून तो जिथे झाडायला सोपं अशा वाटेवर. सोनचाफा कलमी घ्या, बियांचा झाला तर फुलासाठी वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. थंडीत कुंदा. रातराणी कट्ट्यापासून आणि झोपायच्या खोलीच्या खिडकीपासून १५ फूट तरी लांब, वाऱ्याच्या झुळकेबरोबर येते तेवढीच ती बरी.

रातराणीच्या वासाने साप येतात म्हणून शेजारच्या काकूंनी आम्हाला बजावलं होतं. साप येतो तो उंदीर-बेडकांच्या मागे आणि लपायला जागा मिळते म्हणून. विटांचे ढीग, पडून राहिलेली लाकडं, जमिनीला टेकलेली दाट झुडपं ही त्याची घरं. बसायच्या जागेभोवती ४-५ फुटांत झुडपांचा खालचा वीतभर भाग मोकळा ठेवा, म्हणजे खालची जमीन दिसते.

कढीपत्ता आणि लिंबू यांना कोपरा द्याच. नीलवंत, म्हणजे २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेली राणी पाकोळी, लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालते. कोवळी पानं कुरतडलेली दिसली तर लगेच औषध फवारू नका, पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी छोटी अळी आहे का ते आधी बघा. लहान मुलं किंवा कुत्रं असेल तर कण्हेर मात्र वगळा, ती सगळीच्या सगळी विषारी आहे.

लावणीचा मुहूर्त: मृग लागल्यावर जमीन वीतभर खोल ओली होईपर्यंत थांबा. पहिल्या वळवाला फसून लावलेली रोपं पुढच्या दहा दिवसांच्या उघडिपीत मान टाकतात.

आवाज, पाणी, दिवा

झाडांच्या ओळीने रस्त्याचा आवाज अडतो हा गैरसमज आहे. आवाज अडवते ती भिंत. झाडं फक्त रस्ता दिसू देत नाहीत, आणि जे दिसत नाही ते कमी ऐकू येतं असं मनाला वाटतं. सळसळीसाठी लोक बांबू लावतात. नर्सरीतला पिवळा बांबू तीस-चाळीस फूट जातो, छोट्या परसात तो नको.

पाण्याचं कारंजं आम्ही केलं नाही. गावाकडची एक दगडी डोणी होती, ती कट्ट्यासमोर मांडली. तिच्यात कुमुदिनीचा एक कंद आणि आठ-दहा गप्पी मासे आहेत, ते डासांच्या अळ्या खातात. पक्ष्यांसाठी वेगळं उथळ मातीचं परळ ठेवलं आहे. त्यातलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी ओता आणि कडा घासा. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, ती कडेला चिकटून राहतात, त्यामुळे नुसतं पाणी बदलून भागत नाही. बुलबुल आंघोळीला येऊ लागले की मोबाइल आपोआप बाजूला पडतो.

दिवे गुडघ्याच्या खाली, जमिनीकडे तोंड करून, पिवळसर प्रकाशाचे. खोक्यावर २७०० ते ३००० केल्विन लिहिलेलं बघा. पांढऱ्याशुभ्र फ्लडलाइटने परसाचं पोलीस चौकीचं आवार होतं, शिवाय किडे गोळा होतात. वायर पाइपमधून दीड फूट खोल न्या, पाइप फरशी बसवण्याआधीच टाकून ठेवा आणि बाहेरच्या लाइनला ३० मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच प्रवाह तोडणारं बटण, बसवून घ्या. ओल्या जमिनीवर अनवाणी वावरायचं आहे, इथे काटकसर नको.

पहिलं वर्ष

फेब्रुवारीत खुर्ची फिरवा, मार्चमध्ये नकाशा, एप्रिल-मेमध्ये खोदाई आणि फरशी, जूनमध्ये झाडं. पावसाळाभर तण उपटण्यापलीकडे काही करू नका. ऑक्टोबरच्या उन्हात रोपांना खरा ताण बसतो, तेव्हा बुंध्याभोवती दोन-तीन इंच पालापाचोळा पसरा, खोडापासून चार बोटं अंतर ठेवून. ठिबक टाकलंत तर ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर एका झाडाला पुरतात, पण ते बुंध्याशी नकोत, फांद्यांच्या कडेखाली हवेत.

जानेवारीत मोगऱ्याचं पाणी पंधरा दिवस तोडा. महिनाअखेरीला निम्म्यापर्यंत छाटा, उरलेली पानं हाताने ओरबाडून काढा, माती हलकी उकरून दोन ओंजळी शेणखत घाला आणि मगच भरपूर पाणी द्या. दोन-तीन आठवडे झुडूप मेल्यासारखं दिसतं. आमच्याकडे पहिल्या वर्षी ते बघून सासूबाई दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नव्हत्या. होळीच्या सुमारास फुटव्यांच्या टोकांना कळ्या दिसल्या, तेव्हा परडी घेऊन पहिल्या त्याच मागे गेल्या.